शेक्सपिअरची नाटके नक्की कोणी लिहिली?

इंग्रजीच्या तासाला शेक्सपिअर आला की वर्गात कोणीतरी हमखास विचारतो, "सर, ही नाटके खरंच त्यानेच लिहिली का?" या वादाबद्दल वाचनालयात मी जे वाचले, ते थोडक्यात मांडतो.

शंका घेणारे म्हणतात, शेक्सपिअर हा स्ट्रॅटफर्ड या लहान गावातल्या हातमोजे बनवणाऱ्याचा मुलगा. तो विद्यापीठात गेला नाही. त्याच्या मृत्युपत्रात एकाही पुस्तकाचा उल्लेख नाही. मग राजदरबार, कायदा, रणांगण हे सगळे त्याला कसे ठाऊक? म्हणून कोणी फ्रान्सिस बेकनचे नाव घेतो, तर कोणी ऑक्सफर्डचा अर्ल एडवर्ड डी व्हिअर याचे.

आता पुरावा पाहू. शेक्सपिअर १६१६ मध्ये वारला. १६२३ मध्ये त्याची ३६ नाटके एका ग्रंथात छापली गेली. ती जमवली जॉन हेमिंग्ज आणि हेन्री काँडेल या त्याच्याच मंडळीतल्या नटांनी. आठवण म्हणून अंगठ्या घेण्यासाठी शेक्सपिअरने मृत्युपत्रात या दोघांना पैसे ठेवले होते. त्याला ओळखणारा नाटककार बेन जॉन्सन यानेही त्या ग्रंथात त्याचा गौरव केला. उलट, ऑक्सफर्डचा अर्ल १६०४ मध्येच वारला होता. आणि 'द टेम्पेस्ट'मध्ये १६०९ साली बर्म्युडाजवळ फुटलेल्या जहाजाच्या हकिकतींचा ठसा अभ्यासकांना दिसतो. शंकेने जोर धरला तोही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, म्हणजे दोनशेहून अधिक वर्षांनी. म्हणूनच बहुतेक अभ्यासक शेक्सपिअरलाच लेखक मानतात. मात्र काही नाटके त्याने जॉन फ्लेचरसारख्या इतरांच्या जोडीने लिहिली, हेही ते सांगतात.

राहिला ज्ञानाचा प्रश्न. स्ट्रॅटफर्डला लॅटिन शिकवणारी शाळा होती. इंग्लंडच्या राजांच्या कथा त्याने होलिन्शेडच्या इतिहासातून घेतल्या, तर ज्यूलियस सीझरची प्लूटार्कच्या इंग्रजी भाषांतरातून. म्हणजे लढाया त्याला पुस्तकांतून सापडल्या.

मला वाटते, या वादाच्या मुळाशी 'साध्या घरातल्या मुलाला हे जमेलच कसे?' हा प्रश्न आहे. आमच्या हाउसमध्ये जवानाचा, शेतकऱ्याचा आणि अधिकाऱ्याचा मुलगा शेजारी-शेजारी झोपतात. त्यांपैकी कोणी सुंदर निबंध लिहिला, तर "कोणी लिहून दिला?" असे विचारण्याआधी त्याने काय काय वाचले, ते विचारावे.