गुन्हेगार जन्मतो की घडतो? : गुन्हेगारीशास्त्राचा अभ्यास

गुन्हा घडला की त्याचा तपास पोलीस करतात, निवाडा न्यायालय करते आणि शिक्षेची अंमलबजावणी कारागृहात होते. एवढे सारे झाल्यावरही एक प्रश्न मागे उरतो : हा मनुष्य या मार्गाला लागलाच का? गुन्हेगारीशास्त्राचा आरंभ या प्रश्नापासून होतो. बोटांचे ठसे आणि रक्ताचे डाग तपासणारे न्यायसहायक विज्ञान ते हे नव्हे. दोहोंची गल्लत मात्र वारंवार केली जाते. कायदे कसे निर्माण होतात, ते का मोडले जातात आणि मोडणाऱ्यांशी समाज कसा वागतो, अशी या शास्त्राची तीन अंगे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एडविन सदरलँड यांनी सांगितली आहेत. यांपैकी तिसऱ्या अंगाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. महाराष्ट्राच्या दृष्टीने मात्र तेच अधिक महत्त्वाचे आहे.

इटलीतील वैद्य चेझारे लोंब्रोसो यांनी कैद्यांच्या कवट्या, जबडे व कान मोजून १८७६ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. अट्टल गुन्हेगार जन्मतःच तसा असतो व आदिमानवाची लक्षणे त्याच्या ठायी पुन्हा प्रकट होतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. युरोपात ते फार गाजले. परंतु तुरुंगाबाहेरच्या माणसांचे कान तसे नसतात हे पाहायचे कोणी? ते काम इंग्लंडमधील तुरुंगाचे वैद्यकीय अधिकारी चार्ल्स गोरिंग यांनी केले. सुमारे ३,००० कैद्यांच्या मोजमापांची त्यांनी विद्यार्थी व सैनिक यांच्या मोजमापांशी तुलना केली. कैदी उंचीने व वजनाने काहीसे कमी भरले; पण गुन्हेगाराचा म्हणून वेगळा चेहरामोहरा असतो, याला आधार सापडला नाही. हे निष्कर्ष १९१३ साली प्रसिद्ध झाले.

आपल्या देशात या कल्पनेने ग्रंथाची वाटही पाहिली नाही. लोंब्रोसोंच्या आधी पाच वर्षे, १८७१ साली, ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. जातीचा धंदा जसा बापाकडून मुलाकडे येतो तसा गुन्हाही येतो, हे त्यामागील गृहीत होते. १९११ च्या कायद्याने मुंबई इलाखाही त्याच्या कक्षेत आला. कैकाडी, फासेपारधी, कंजारभाट, टकारी अशा जमातींतील माणसांची नोंदणी होऊ लागली, ठसे घेतले जाऊ लागले. त्यांना ठराविक वेळी हजेरी द्यावी लागे व परवान्याविना गाव सोडता येत नसे. कोणी गैरहजर राहिला तर ते कळवण्याची जबाबदारी गावच्या पाटलावर होती. अनेकांना वसाहतींत डांबण्यात आले. सोलापूरच्या वसाहतीभोवती तारेचे कुंपण होते. तेथील जुनी माणसे आजही त्या भागाला ‘सेटलमेंट’ म्हणून ओळखतात.

या जमातींच्या स्थितीची खरी कारणे अन्यत्र होती. कैकाड्यांचे भाऊबंद मानल्या जाणाऱ्या मद्रास इलाख्यातील कोरवांचा अभ्यास मीना राधाकृष्ण यांनी केला आहे. बैलांवरून मीठ व धान्य वाहून नेणे हा कोरवांचा व्यवसाय होता. रेल्वे आणि सरकारचे मीठविषयक धोरण यांनी तो बुडवला. रोजगार गेलेला फिरस्ता सरकारदप्तरी संशयित ठरला.

मुंबई प्रांताने हा कायदा १९४९ साली आणि केंद्राने ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द केला. शिक्का मात्र पुसला गेला नाही. चोरी झाली की प्रथम पालावर जायचे, ही सवय असेल तर अटका तेथेच अधिक होतात, नोंदीही तेथेच वाढतात आणि पुढे त्याच नोंदी पुरावा म्हणून दाखवल्या जातात. म्हणूनच आकडेवारी हाताळताना अभ्यासक प्रथम एक भेद करतो : हे आकडे घडलेल्या गुन्ह्यांचे नसून नोंदवलेल्या गुन्ह्यांचे असतात. एखाद्या तालुक्यात विनयभंगाच्या तक्रारी वाढल्या, तर गुन्हे वाढले असतील किंवा स्त्रियांचा पोलीस ठाण्यावरील विश्वास वाढला असेल. उलट, प्रतिष्ठितांचे गुन्हे पुष्कळदा नोंदीतच येत नाहीत. सदरलँड यांनी १९४९ साली ७० मोठ्या अमेरिकन कंपन्यांच्या गैरव्यवहारांवर पुस्तक लिहिले, तेव्हा प्रकाशकाने कंपन्यांची नावे गाळायला लावली. नावांसह ते १९८३ साली निघाले!

भारतात सागर विद्यापीठाने १९५९ साली या विषयाचा स्वतंत्र विभाग सुरू केला. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतही त्याचे अध्यापन दीर्घकाळ होत आले आहे. चिकाटीने केलेल्या शोधाचा उपयोग कोठवर होतो, याचे अलीकडील उदाहरण आहे. कारागृहांतील कामे जातीनुसार वाटली जातात, हे एका महिला पत्रकाराने राज्याराज्यांतील नियमपुस्तिका तपासून पुढे आणले. त्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी असे नियम घटनाबाह्य ठरवले. विमुक्त जमातींना सरसकट सराईत गुन्हेगार मानण्यावरही न्यायालयाने ताशेरे ओढले आणि कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला.