सत्तावीस वेळा पळून झाल्यावर

‘काउच टू फाइव्ह के’ हा नवशिक्यांसाठीचा पळण्याचा कार्यक्रम जॉश क्लार्क या अमेरिकन तरुणाने १९९६ मध्ये तयार केला. नऊ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं झपझप चालायचं, मग साठ सेकंद पळणं आणि नव्वद सेकंद चालणं असं आलटून पालटून वीस मिनिटं. पाचव्या आठवड्याच्या तिसऱ्या दिवशी न थांबता वीस मिनिटं, आणि नवव्या आठवड्यात तीस. आता तो कानात बोलणाऱ्या ॲपच्या रूपात जगभर चालतो. नागपुरात दिवाळीनंतर अंबाझरी, फुटाळा किंवा सिव्हिल लाइन्सच्या रस्त्यांवर एक मिनिट पळून दीड मिनिट चालणारी मंडळी दिसू लागतात, त्यांतले बरेच अशाच एखाद्या आराखड्यावर असतात.

कार्यक्रम पूर्ण होतो, फोटो घरच्या ग्रुपवर जातो, अंगठे आणि टाळ्या येतात, आणि दहाव्या आठवड्यात गाडी अडते. ‘आपल्यात जिद्दच नाही’ असं म्हणून लोक मोकळे होतात. मला हे निदान पटत नाही. साधा हिशेब करा, नऊ त्रिक सत्तावीस. तुम्ही मोठेपणी सगळं मिळून सत्तावीस वेळा पळला आहात. एवढ्यात अंगवळणी काय पडणार?

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज ठरलेल्या वेळी एक नवी गोष्ट करायला सांगितली आणि ती विचार न करता आपोआप होऊ लागायला किती दिवस लागतात ते पाहिलं. मध्यक आला ६६ दिवस. पण कोणाला १८ पुरले, तर कोणाचा अंदाज २५४ वर गेला, आणि व्यायामाची सवय पाणी पिण्यासारख्या सवयीपेक्षा हळू लागली. हे रोज करणाऱ्यांचं झालं. तुम्ही तर एक दिवसाआड, दोन दिवसांआड पळत होता. म्हणजे नऊ आठवड्यांच्या शेवटी सवय लागायला नुकती सुरुवात झालेली असते, आणि नेमका त्याच वेळी टेकू काढून घेतला जातो. त्याच अभ्यासातली दिलासा देणारी गोष्ट अशी की एखादा दिवस बुडाल्याने फारसं काही बिघडलं नाही.

टेकू कसला होता? निर्णयाचा. नऊ आठवडे आज पळायचं का, किती, मध्ये कधी चालायचं, हे सगळं दुसऱ्याने ठरवलेलं होतं. दहाव्या आठवड्यापासून ते पहाटे साडेपाचला, डोळे अर्धे मिटलेले असताना, अंथरुणात ठरवावं लागतं. त्या वेळी घेतलेला निर्णय कुठल्या बाजूला झुकतो हे सांगायला नको.

म्हणून प्रेरणा शोधण्याआधी निर्णय आदल्या रात्रीवर, शक्य तर आदल्या महिन्यावर ढकलावा. याला चांगला आधार आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एका गटाला काहीच विशेष सांगितलं नाही. दुसऱ्याला व्यायामाने हृदय कसं सुधारतं ते वाचायला दिलं. तिसऱ्याला तेच वाचायला देऊन वर एक वाक्य लिहून घेतलं, की पुढच्या आठवड्यात मी अमुक दिवशी, अमुक वेळी, अमुक जागी व्यायाम करीन. पहिल्या गटातल्या ३८ टक्के लोकांनी व्यायाम केला, दुसऱ्यातल्या ३५ टक्के, आणि तिसऱ्यातल्या ९१ टक्के लोकांनी. नुसत्या माहितीने काडीचा फरक पडला नाही. सकाळी सकाळी ग्रुपवर सुविचार टाकणाऱ्यांनी हा दुसरा आकडा जरूर पाहावा.

ते वाक्य कसं असावं? ‘आठवड्यातून तीनदा पळणार’ याला वाक्य म्हणत नाहीत, ती इच्छा झाली. ‘मंगळवार आणि गुरुवार, सकाळी सहाला शंकरनगर चौकातून निघून अंबाझरीपर्यंत आणि परत, रविवारी सेमिनरी हिल्स’ हे वाक्य. त्यात दिवस आहे, वेळ आहे, रस्ता आहे, आणि सहा वाजून दहा मिनिटांनी तुम्ही घरातच असाल तर ते तुम्हाला खोटं पाडतं.

आता किती पळायचं ते पाहू. इथे लोक दोन टोकं गाठतात: एक तर सगळं बंद, नाहीतर लगेच दहा किलोमीटरची तयारी. आधी एक गोष्ट साफ करू. तीस मिनिटं सलग पळता येणं आणि पाच किलोमीटर पळणं एकच नाही. तीस मिनिटांत पाच बसवायचे तर किलोमीटरला सहा मिनिटांचा वेग हवा, आणि नवशिक्यांपैकी पुष्कळांचे त्या वेळात चारच्या आसपास होतात. ते अपयश नाही, तेच पुढच्या दोन-तीन महिन्यांचं काम आहे.

दहाची घाई का नको, याचं कारण पोटऱ्यांच्या खाली आहे. हृदय, फुप्फुसं, रक्त लवकर सुधारतात, काही आठवड्यांत फरक कळतो. टाचेमागची शीर, नडगीचं हाड आणि त्यावरच्या पेशी त्यामानाने फार सावकाश मजबूत होतात. दम टिकतो म्हणून माणूस पळत राहतो आणि नडगी बोंब मारते. दर आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये असा नियम सगळे सांगतात, पण नेदरलँड्समध्ये नवशिक्यांवर केलेल्या चाचणीत त्या नियमाने चालणाऱ्यांना दुखापती कमी झाल्या नाहीत. तेव्हा आकड्यापेक्षा पायाचं ऐका. सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्या चार पावलांना टाच दुखत असेल तर त्या दिवशी चाला. नागपुरात बरेच मोठे रस्ते सिमेंटचे झाले आहेत. शक्य असेल तिथे आठवड्यातला एक दिवस मैदानाच्या मातीवर काढा, पाय दुवा देतील.

तीनपैकी दोन दिवस बोलता येईल एवढ्याच वेगाने पळावं. सोबत्याला कालच्या मॅचबद्दल पूर्ण वाक्य सांगता आलं पाहिजे. एका दिवशी मध्येच पाच-सहा वेळा, वीस-वीस सेकंद जोरात. दर दोन आठवड्यांनी रविवारचं पळणं पाच मिनिटांनी वाढवायचं. बस्स, याहून जास्त आराखडा पहिल्या हिवाळ्यात लागत नाही.

हिवाळ्यात म्हणालो, ते मुद्दाम. असे बहुतेक कार्यक्रम थंड हवेच्या देशांत बनलेले आहेत. तिथला आठवा आठवडा आणि पहिला आठवडा यांच्या हवेत फार तर स्वेटरचा फरक असतो. आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटे पारा बारा-तेराच्या आसपास असतो आणि मे महिन्यात सर्वांत गार वेळीसुद्धा अठ्ठावीसच्या खाली जायला कुरकुरतो. दुपारचं तर विचारूच नका, २३ मे २०१३ ला या शहराने ४७.९ अंश पाहिले आहेत. म्हणून नागपूरकराने नऊ आठवड्यांचा नव्हे, वर्षाचा विचार करावा, आणि त्यासाठी वेगळं कॅलेंडर शोधायला नको. पोळा, दिवाळी, संक्रांत, होळी, ऐन उन्हाळ्यातला नवतपा या खुणा पुरतात.

दिवाळी ते संक्रांत हा खरा वाढीचा काळ. सूर्य उशिरा उगवतो, जानेवारीच्या सुरुवातीला तर सातला दहा मिनिटं कमी असताना. म्हणजे उजेडात पळायचं तर उशिरा उठण्याची मुभा आहे. फक्त पालापाचोळा जाळल्याचा धूर जिथे खाली बसलेला असतो, तिथून वाट बदलावी. याच हिवाळ्यात शर्यतीही असतात. नागपूरची लोकमत महामॅरेथॉन, मुंबईची जानेवारीतली मॅरेथॉन, अशा ठिकाणी नाव नोंदवलं की पैसे भरलेले असतात, आणि वैदर्भीय माणूस पैसे भरलेली गोष्ट सहसा सोडत नाही. पण शर्यत हे दुधारी शस्त्र आहे, त्याकडे पुढे येतो.

होळी झाली की हवा बदलते, आणि बहुतेकांचं पळणं इथेच सुटतं. ज्या वेगाने फेब्रुवारीत गप्पा मारत पळत होता, त्याच वेगाला एप्रिलमध्ये धाप लागते. माणूस घाबरतो, तीन महिन्यांची मेहनत पाण्यात गेली म्हणतो. गेलेली नसते. शरीराला गार ठेवायला रक्त कातडीकडे पाठवावं लागतं, तेच रक्त पायांच्या स्नायूंनाही हवं असतं, घामाने पाणी कमी होतं, आणि दोन्हीकडे पुरवठा करायला हृदयाला जास्त ठोके टाकावे लागतात. वेग तोच, मेहनत जास्त. उलट बेताने पळत राहिलं तर आठवडा-दोन आठवड्यांत शरीर सरावतं: रक्तातला पातळ भाग वाढतो, घाम लवकर सुटू लागतो, त्यातून मीठ कमी जातं.

अमेरिकेत रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० च्या दशकात केलेले प्रयोग इथे उपयोगी पडतात. आठवड्यातून सहा दिवस कसून तयारी केलेल्यांचे दिवस त्यांनी दोनवर आणले, तरी पंधरा आठवडे त्यांची दमाची कमाल क्षमता टिकली. नंतरच्या प्रयोगात रोजचा वेळ कमी केला तरी ती टिकली. मेहनतीची तीव्रता उतरवली तेव्हा मात्र ती घसरली. आता हे उन्हाळ्याला लावा. मार्च ते जून आठवड्यातून दोन दिवस, वीस-वीस मिनिटं. घड्याळातला वेग बघायचा नाही, कारण हृदयाला जेवढं काम हवं तेवढं हवा करवून घेते. मेअखेर साडेपाचलाच उजाडतं, तेव्हा सहापर्यंत घरी परत. रात्रभर कूलरच्या गारव्यात झोपलेलं अंग बाहेर पडताच पाच-सात मिनिटं चालवून घ्यावं. कोरड्या उन्हाळ्यात घाम लगेच वाळतो, त्यामुळे किती पाणी गेलं ते कळत नाही, म्हणून तहानेची वाट न बघता घरून पाणी पिऊनच निघा. आणि एक गैरसमज काढून टाका: घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, असं नसतं. पळताना होणाऱ्या उष्माघातात अंग घामाने भिजलेलंही असू शकतं. बोलणं असंबद्ध झालं, पाय लटपटले, शिरशिरी आली, तर सावलीत आडवं करून अंगावर पाणी ओता आणि थेट दवाखाना गाठा. नवतप्याचे नऊ दिवस मी सरळ सुट्टी घ्यायला सांगेन. दुपारी झोप, संध्याकाळी पन्हं.

जूनच्या मध्याला पाऊस आला की गारवा येतो, पण हवा ओली असते आणि घाम वाळत नाही, म्हणून एप्रिलमधला सल्ला अजून लागू. पायाखाली शेवाळ, खड्ड्यात पाणी, आणि शहरात डेंग्यू-चिकुनगुनिया. चिकुनगुनियानंतर सांधे सुजलेले असताना पळायला जाणं म्हणजे हट्ट. पोळ्याच्या, तान्ह्या पोळ्याच्या सुमाराला पुन्हा तीन दिवस सुरू केले तर डिसेंबरपर्यंत तीन महिने हातात असतात, आणि नवशिक्याला पाचवरून दहावर जायला तेवढे पुरतात.

शर्यतीची दुसरी धार बघायची असेल तर पहाटे एखाद्या मोठ्या मैदानावर जा. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी तिथे फेऱ्या मारत असतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. सोळाशे मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत मारले तर वीसपैकी वीस गुण. एकजण हातात मोबाइल धरून रेषेवर उभा असतो, ‘चाल बे, दोन सेकंद जास्त झाले’ असं ओरडतो, आणि पळणारा गुडघ्यावर हात ठेवून थुंकतो नि पुन्हा रेषेवर येतो. त्यांच्या प्रेरणेला कोणी हात लावू शकत नाही, कारण पलीकडे नोकरी आहे. पण भरती आटोपली की त्यातली कितीतरी पोरं मैदानावर दिसेनाशी होतात, निवडली गेलेली आणि न गेलेलीही. ध्येय जेवढं टोकदार, तेवढं ते गाठल्यावरचं मैदान रिकामं. म्हणून शर्यतीत नाव द्या, पण शर्यतीनंतरच्या मंगळवारचं वाक्य आधी लिहून ठेवा.

दीर्घकाळ टिकणाऱ्यांकडे मात्र शर्यतीपेक्षा माणसं असतात. रविवारी पळून झाल्यावर पोह्याच्या ठेल्यावर उभी राहणारी टोळी बघा. घामट टी-शर्ट, हातात प्लेट, वरून लाल तर्री, बारीक कांदा, आणि कोणीतरी शेजारच्याला विचारतं, ‘काऊन भाऊ, मागच्या रविवारी दिसले नाही?’ या एका प्रश्नाची धास्ती कुठल्याही ॲपच्या सूचनेपेक्षा भारी असते. गट निवडताना एवढंच बघा की त्यात तुमच्याहून हळू पळणारा निदान एक जण असावा. सगळेच तुमच्यापुढे असतील तर महिन्याभरात फक्त पोह्यांपुरते जाल. (पळण्याने जळलेल्या कॅलरी आणि तर्रीची प्लेट यांचा हिशेब कोणी मांडू नये. तो जुळत नाही.)

बायकांचा प्रश्न वेगळा आहे आणि तो प्रेरणेचा नाही. अंधार, सुनसान रस्ता, भटकी कुत्री, आणि सातला घरात डबे. त्यांनी पाचला उठावं असं सांगणाऱ्यांनी एक दिवस डबे करून बघावेत. वर्दळीचा, दिव्यांचा रस्ता आणि सोबतीला एक मैत्रीण, एवढं जमलं तर संध्याकाळची वेळही तितकीच चांगली. कुत्री मागे लागली तर पळू नका. थांबा, तोंड त्यांच्याकडे ठेवा आणि सावकाश चालत निघा.

आणि खंड पडणारच. लग्नसराई आहे, परीक्षा आहेत, बदल्या आहेत. पळणं थांबलं की दहा-बारा दिवसांतच रक्तातलं पाणी कमी होतं आणि दम कमी वाटतो, पण तेवढं लवकर भरूनही येतं. दोन आठवड्यांचा खंड असेल तर तिसाऐवजी वीस मिनिटांनी सुरू करा. महिन्याहून जास्त असेल तर जिथे सोडलं तिथून उचलायला जाऊ नका. फोनमधलं जुनं ॲप उघडून पाचव्या आठवड्याचा पहिला दिवस लावा: पाच मिनिटं पळणं, तीन मिनिटं चालणं, पुन्हा पाच, पुन्हा तीन, शेवटी पाच. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा साखर-बीपीची गोळी सुरू झाली असेल तर त्याआधी डॉक्टरांना विचारा. त्या दिवशी कानातला आवाज ‘आता चाला’ म्हणेल तेव्हा खरंच चाला, जमत असलं तरी.