‘संपर्क’वरचा रफार

महाबळेश्वरला जाण्याआधी कोणी सातारा जिल्ह्याचे सरकारी संकेतस्थळ उघडले आणि लगेच शेजारच्या सांगलीचे उघडून पाहिले, तर भावंडे एकामागून एक भेटल्यासारखे वाटते. फोटो वेगळे, रंगही वेगळा असू शकतो. पण विभागांची पट्टी, सूचनांची यादी, पर्यटनस्थळांच्या चौकटी, अक्षरे लहानमोठी करण्याची सोय हे सगळे ओळखीचे. कारण ही संकेतस्थळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ‘एसथ्रीवास’ या एकाच व्यवस्थेवर उभी आहेत. देशातल्या जिल्ह्यांनी आपापला मजकूर भरायचा, सांगाडा मात्र एकच. प्रत्येक जिल्ह्याने स्वतंत्र संकेतस्थळ बांधण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचे आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. सुरक्षेतली एखादी फट एका जागी बुजवली की ती सगळीकडे बुजते. प्रश्न पुढचा आहे. एकदा बनवून हजार ठिकाणी वापरायच्या अशा घटकाचे दिसणे कोणाच्या हातात असावे? बनवणाऱ्याच्या की वापरणाऱ्याच्या? माझे म्हणणे असे की घटक मुळात बंदच असावा, पण त्यात मोजक्या, नाव दिलेल्या खिडक्या ठेवाव्यात. आणि मराठीसाठी बनणाऱ्या घटकात पहिली खिडकी लिपीची असावी, रंगाची नव्हे.

बंद का, हे आधी पाहू. वेबपानाचे दिसणे ठरवणारी सीएसएस ही भाषा होकॉन व्हिउम ली यांनी 1994 मध्ये सुचवली आणि 1996 मध्ये ती प्रमाण झाली. ती लेख, अहवाल अशा एकसंध पानांसाठी होती, त्यामुळे तिचा नियम सगळ्या पानाला लागू पडतो. ‘सगळी बटणे हिरवी’ असे एका कोपऱ्यात लिहिले की दुसऱ्या कोपऱ्यातले, दुसऱ्याच माणसाने बनवलेले बटणही हिरवे होते. पानावर हवामानाची चौकट एकाची, नकाशा दुसऱ्याचा आणि अर्ज तिसऱ्याचा असू लागला, तेव्हा ही गळती डोकेदुखी ठरली. त्यावरचा उपाय म्हणजे ‘वेब कंपोनंट’ आणि त्यातला ‘शॅडो डॉम’. घटकाभोवती एक कुंपण पडते. बाहेरचे नियम आतल्या वस्तूंना शिवत नाहीत आणि आतले बाहेर सांडत नाहीत. क्रोम आणि सफारीत हे 2016 च्या सुमारास आले, फायरफॉक्समध्ये 2018 मध्ये आणि एजमध्ये 2020 च्या जानेवारीत. जिल्ह्यांच्या संकेतस्थळांची व्यवस्था साच्यांची आहे, तिला याच तंत्राचे नाव देणे बरोबर होणार नाही. पण वाटणीचा प्रश्न दोन्हीकडे तोच आहे.

मात्र कुंपण घातले की वापरणाऱ्याचे हात बांधले जातात. म्हणून प्रमाणातच काही वाटा ठेवल्या आहेत. पहिली वारशाची: अक्षराचा रंग, टंक, ओळीची उंची या गोष्टी बाहेरच्या पानाकडून आत आपोआप झिरपतात, अट एवढीच की घटकाने आत स्वतःचा आकडा लिहिलेला नसावा. लिहिला असेल तर वारसा तिथेच थांबतो. दुसरी वाट ‘कस्टम प्रॉपर्टी’ची. बनवणारा म्हणतो, ‘ओळीची उंची या नावाने बाहेरून आली तर ती घेईन, नाही आली तर माझी वापरीन.’ तिसरी ‘पार्ट’ची: आतल्या एखाद्या तुकड्याला, समजा बटणाला, नाव देऊन तो सजवण्याची पूर्ण मुभा बाहेरच्याला द्यायची. आणि चौथी ‘स्लॉट’ची: घटकाने फक्त जागा राखायची, मजकूर बाहेरच्या पानाचाच राहतो आणि त्याचे रूपही बाहेरचे पानच ठरवते. यातली कोणती वाट कशासाठी ठेवायची, इथे घटक बनवणाऱ्याची खरी पारख होते.

आता एकच शब्द जवळून पाहू. ‘संपर्क’. प्रत्येक सरकारी संकेतस्थळावर हा असतोच. ‘स’च्या शिरोरेषेवर अनुस्वार आणि ‘क’च्या शिरोरेषेवर रफार, म्हणजे अर्थाचा मोठा भाग रेषेच्या वर बसलेला. इंग्रजी मजकूर समोर ठेवून बनवलेल्या बटणात अनेकदा ओळीची उंची अक्षराच्या आकाराइतकीच धरलेली असते आणि लांब मजकूर मावला नाही तर शेवटी तीन टिंबे यावीत म्हणून बाहेर जाणारा भाग छाटण्याची आज्ञा असते. इंग्रजी अक्षरे त्यात मजेत बसतात. ‘संपर्क’ आत गेला की अनुस्वार आणि रफार छाटले जाण्याचा धोका उभा राहतो, आणि वाचणाऱ्यासमोर ‘सपक’ उरते. ‘सूचना’ लिहिली तर ऊकार खालून कापला जातो आणि ‘मूर्ती’ला वरून-खालून दोन्हीकडून मार बसतो. बटणावरची इंग्रजी अक्षरे ऐटदार दिसावीत म्हणून त्यांच्यात थोडे अंतर सोडायची पद्धत आहे; तेच अंतर देवनागरीत आले की शिरोरेषा तुटते आणि शब्द दातपडका होतो. शीर्षक उठून दिसावे म्हणून सगळी अक्षरे कॅपिटल करण्याची आज्ञा तर आपल्याकडे निरर्थकच, कारण आपल्या लिपीत लहान-मोठी अक्षरे नाहीत. मग मराठी पानावर शीर्षक आणि मजकूर यांतला फरकच पुसट होतो. यातले काहीही दुरुस्त करणे अवघड नाही. पण घटक बंद असेल आणि ओळीच्या उंचीला खिडकी नसेल, तर सातारा किंवा सांगलीच्या कार्यालयातला माणूस ते करूच शकत नाही.

याहून बारीक गोष्ट ‘ल’ आणि ‘श’ची. ‘सांगली’त ल आहे, तिच्याच ‘शिराळा’ तालुक्यात श आहे. हिंदीत ही अक्षरे वेगळ्या वळणाने लिहितात, मराठीत वेगळ्या. राज्य शासनाने 2022 मध्ये वर्णमालेचा निर्णय काढून पाकळीचा ल आणि देठाचा श मराठीसाठी ठरवून दिला. नोटोसारख्या टंकात दोन्ही वळणे असतात. कोणते दाखवायचे हे पानावर लिहिलेल्या भाषेच्या खुणेवरून ठरते. खूण मराठीची असेल तर मराठी वळण, नसेल तर हिंदीतले. ही खूण कुंपणातून आत पोहोचते, पण एखाद्या घटकाने आतच दुसऱ्या भाषेची खूण किंवा मराठी वळण नसलेला टंक ठोकून बसवला असेल, तर शासन निर्णय कागदावर राहतो आणि शासनाच्याच पानावर परके वळण दिसते.

यावर कोणी म्हणेल, एवढ्या कटकटीपेक्षा सगळेच खुले ठेवा, ज्याला जे हवे ते तो बदलेल. पण खुली ठेवलेली प्रत्येक जागा हे एक वचन असते. आतल्या तुकड्याचे नाव एकदा बाहेर गेले की बनवणाऱ्याला ते पुढे बदलता येत नाही. बदलले तर त्या नावावर अवलंबून असलेली पाने मोडतात. आणि मोकळीक रंगाला दिली तर काय होते? महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिची आठवण देणारा गुलाबी रंग जिल्ह्याच्या पानावर हवा असे कोणाला वाटले तर ते प्रेम समजण्यासारखे आहे. पण पांढऱ्यावर फिकट गुलाबी अक्षरे महाबळेश्वरच्या आर्थर सीटवर भर उन्हात मोबाइलवर दिसत नाहीत, आणि कमी दिसणाऱ्याला तर घरातही दिसत नाहीत. साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान 4.5 ला 1 इतका फरक हवा, असे सुलभतेचे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात. म्हणून रंगाची खिडकी ठेवायची तर तपासलेल्या मोजक्या रंगांचीच. केंद्र सरकारने 2025 मध्ये आणलेल्या डिजिटल ओळखीच्या नियमावलीत विभागांना ठरलेल्या रंगकुळांतून निवड करायला सांगितले आहे, ते मला योग्य वाटते.

दुसरा आक्षेप मनाला अधिक भिडणारा आहे: सगळे सारखेच दिसले तर साताऱ्याचे सातारापण कुठे राहिले? मला वाटते, ते बटणाच्या गोलाईत कधीच नव्हते. 2025 च्या जुलैमध्ये जिल्ह्यातला प्रतापगड किल्ला जागतिक वारशाच्या यादीत गेला. ही बातमी पर्यटनाच्या चौकटीत त्याच आठवड्यात, नीट मराठीत आणि चांगल्या फोटोसह येण्यात जिल्ह्याची ओळख आहे. मजकुराची आणि फोटोची जागा पूर्ण खुली हवी ती यासाठी. उलट, ‘संपर्क’वरचा रफार गेला तर तिथे सातारा तर नाहीच, मराठीही उरत नाही.

म्हणून घटक बनवणाऱ्यांना, मग ते दिल्लीत असोत, पुण्यात असोत की साताऱ्यातल्या एखाद्या लहान कंपनीत, एक विनंती आहे. घटक बाहेर सोडण्याआधी त्यात ‘संपर्क’, ‘सूचना’, ‘मूर्ती’, ‘सांगली’, ‘शिराळा’ आणि ‘श्रीक्षेत्र महाबळेश्वर’ हे सहा मजकूर भरून पाहा. अक्षरे दुप्पट मोठी करून पुन्हा पाहा. आणि मराठी वाचणाऱ्या एका माणसाला ते मोठ्याने वाचायला सांगा.