लाईन गेली, शहर गेलं

गच्चीवर गेलं की वीज केंद्राच्या चिमण्या दिसायच्या, आणि खाली खोलीत माझं शहर अंधारात बुडालेलं असायचं. माझं म्हणजे ‘सिमसिटी 2000’ या कॉम्प्युटर गेममधलं. नाव ‘नवं चांदा’. लोकसंख्या तीस हजारांवर गेलेली, स्टेडियम नुकतंच उभं राहिलेलं, आणि फट्! मॉनिटर काळा. आतून बाबांचा आवाज : “लाईन गेली. आता तरी पुस्तक उघड.” शेवटचं सेव्ह तासाभरापूर्वीचं. म्हणजे स्टेडियम गेलं, दहा-बारा हजार माणसंही गेली.

शेजारचा दोस्त समजूत काढायचा, “कायले रडून राहिला बे? डबल बांध.”

ज्यांनी हे जुने शहर-बांधणीचे गेम खेळलेत त्यांना ही चिडचिड सांगायला नको. चंद्रपुरात बसून खेळताना मात्र एक वेगळीच गंमत व्हायची. गेममधल्या ज्या कटकटींना जग नावं ठेवत होतं, त्यातल्या बऱ्याच आमच्या दारातच होत्या.

पन्नाशीला स्फोट

सिमसिटी 2000 मधलं कोळशाचं वीज केंद्र 200 मेगावॉटचं, किंमत चार हजार डॉलर, आयुष्य 50 वर्षं. मुदत भरली आणि आपलं लक्ष नसलं की केंद्र उडालंच. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राचे पहिले दोन संच 210 मेगावॉटचे, म्हणजे जवळपास गेमच्याच मापाचे. 1983-84 मध्ये सुरू झाले आणि 2016 मध्ये मोडीत निघाले. पन्नाशी काही गाठली नाही, पण निरोप बिनस्फोटाचा झाला.

आता मोठा आकडा. गेममधलं सगळ्यात ताकदवान केंद्र फ्यूजनचं. ते 2050 साल उजाडल्याशिवाय मिळत नाही आणि देतं 2,500 मेगावॉट. चंद्रपूरच्या केंद्राची आजची क्षमता 2,920 मेगावॉट. त्यांचं भविष्य आम्ही कोळशावर मागे टाकलं! त्याचं बिलही आलं म्हणा. 2009 च्या केंद्रीय प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूरला 83.88 गुण मिळाले आणि देशात चौथा नंबर आला. गेममध्ये प्रदूषण बघायला नकाशा उघडावा लागतो. इथे दोरीवर वाळत घातलेला पांढरा शर्ट पुरतो.

मग एवढी वीज असून लाईन का जायची? लहानपणी याचं उत्तर मिळालं नाही. मोठेपणी अर्धंमुर्धं मिळालं : 1999 पासून चंद्रपूरहून थेट मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटरची 500 किलोव्होल्टची डीसी वाहिनी आहे, तिची क्षमता 1,500 मेगावॉट. पहिल्या सिमसिटीत तारेचा एक चौकोन पाच डॉलरला पडायचा, आणि दोन चौकोनांत फट राहिली की पलीकडचा अख्खा मोहल्ला अंधारात. ती फट शोधताना डोळे फुटायचे.

पाणी? कशाला?

सिमसिटी 2000 मध्ये पंप बसवा, पाईप टाका, टाक्या बांधा, असा मोठा पसारा आहे. आणि गुपित असं, की पाण्याशिवायही शहर बऱ्यापैकी चालतं. कोळशाच्या केंद्राला तर थेंबही लागत नाही. इकडे 2010 च्या उन्हाळ्यात इरई धरण आटलं तेव्हा खऱ्या केंद्राचे संच पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. गेम बनवणाऱ्यांनी चंद्रपूरचा मे महिना पाहिला नव्हता, एवढाच याचा अर्थ.

ससा नावाचा नगररचनाकार

1989 च्या मूळ सिमसिटीत तिरका रस्ता नाही. सगळं काटकोनात, वस्तीचे तुकडे तीन बाय तीन चौकोनांचे. मला त्याचा फार राग यायचा, कारण आमच्या गावाची आखणी माणसाने केलेलीच नाही. आख्यायिका अशी : गोंडराजा खांडक्या बल्लाळशाह त्वचारोगाने बेजार होता. झरपट नदीच्या पाण्याने त्याला उतार पडला. पुढे एकदा शिकारीला गेला असताना त्याने पाहिलं, की कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा चक्क शिकारी कुत्र्याच्या मागे लागलाय. राणी म्हणाली, ही जागा साधी नाही. ससा जिथून जिथून धावला तिथून कोट बांधा.

झालं. अकरा किलोमीटरच्या आसपास परकोट, जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर या चार वेशी, आणि बगड, हनुमान, विठोबा, मसण, चोर अशा पाच खिडक्या. ‘चोर खिडकी’ हे नाव सरळ मनाने ठेवणाऱ्या गावाला काटकोन कसा मानवणार? जटपुरा गेटपाशी संध्याकाळी गाडी अडकली की मी त्या सशाची आठवण काढतो, आणि ती दरवेळी प्रेमाने काढतो असं नाही.

रूळ टाका, कटकट मिटवा

मूळ सिमसिटीतली सगळ्यात नावाजलेली चलाखी : रस्ते बांधूच नका, सगळीकडे फक्त रूळ टाका. ट्रॅफिक नाही, धूर नाही, लोक खूश. ही युक्ती आमच्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात चालवून बघा! अख्ख्या जिल्ह्यात रेल्वेमार्ग आजवर साडेअठरा किलोमीटरच्या आसपास आणि स्टेशन एकच, वडसा. वडसा ते गडचिरोली हा 52 किलोमीटरचा मार्ग किती वर्षं ऐकतोय! माऊस धरून ओढला तर सहा सेकंदांचं काम.

एक डॉलरला झाड

गेममध्ये जंगल म्हणजे नुसता अडथळा. बुलडोझर फिरवला की एका चौकोनाला एक डॉलर. महापौर मालक, विचारायचं कोणाला? धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने हा नियमच उलटा केला. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. देशात असा हक्क आधी मिळवणाऱ्या गावांत मेंढ्याचं नाव पहिलं घेतात. 2011 मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतुकीचे परवानेही ग्रामसभेच्या हाती आले. तिथे निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचं जरी ‘नाही’ आलं तरी चर्चा पुन्हा सुरू. या नियमाने सिमसिटी खेळली असती तर माझं पहिलं स्टेडियम अजून झालं नसतं.

चौकात हरवलेला डॉक्टर

‘सीझर 3’ हा 1998 चा गेम. रोमन शहर बांधायचं. त्यात डॉक्टर दवाखान्यातून निघून रस्त्याने चालतो आणि ज्या घरांजवळून जाईल त्यांनाच उपचार मिळतात. पण चौक आला की तो कुठे वळेल याचा नेम नाही! एक गल्ली त्याने चार फेऱ्या टाळली की तिथली घरं खालावतात, लोक निघून जातात. यावर जगभरच्या खेळाडूंनी शोधलेला तोडगा एकच : चौकच ठेवू नका.

याच सुमारास गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने त्याहून चांगला तोडगा काढला. डॉक्टर यायची वाटच बघायची नाही, गावातलीच बाई शिकवून तयार करायची. 39 गावांतल्या या आरोग्यदूतांनी घरोघरी बाळंतिणीची आणि बाळाची काळजी घेतली, नवजात मृत्यूचं प्रमाण 62 टक्क्यांनी घटलं. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने तो अभ्यास छापला.

आपत्त्या बंद करा

सिमसिटीच्या मेनूत आपत्त्या बंद करायचं बटण आहे. टिचकी मारली की पूर नाही, आग नाही, राक्षस नाही. गडचिरोलीतल्या भामरागडला पर्लकोटा नदी दर पावसाळ्यात पुलावरून वाहते आणि तालुका तुटतो. तिथे हे बटण कोणी बसवून दिलं तर गाव मिरवणूक काढेल.

झेरॉक्सला न जुमानणारा कागद

पहिल्या सिमसिटीच्या खोक्यात जगातल्या शहरांची यादी असलेला गडद लाल कागद यायचा. नक्कल करून खेळणाऱ्यांना अडवण्यासाठी. झेरॉक्स काढली की सगळं काळं. आमच्याकडे सीडीच नकली होती, त्यामुळे हा लाल कागद मी पुढे फोटोतच पाहिला.

आणि हा गेम जन्मला कसा? विल राईट 1984 मध्ये हेलिकॉप्टरने बॉम्ब टाकायचा एक गेम बनवत होता. बॉम्ब टाकण्यापेक्षा खालची बेटं आणि कारखाने रचण्यातच त्याला जास्त मजा यायला लागली. त्यातून शहर बांधायचा गेम तयार झाला, तर कंपन्या म्हणाल्या, यात जिंकणं-हरणं नाही, घेणार कोण? चार-पाच वर्षं तो तसाच पडून राहिला.

2008 मध्ये मूळ सिमसिटीचा कोड ‘मायक्रोपोलिस’ या नावाने सगळ्यांसाठी खुला झाला. फुकट आहे, जुन्यातल्या जुन्या लॅपटॉपवर चालतो. बसलात तर पहिलं वीज केंद्र गावापासून लांब बांधा, आणि दर पाच मिनिटांनी सेव्ह करा. इन्व्हर्टर असला तरीही.