अंतराळातला सूत्रधार

जॉर्ज लुकासचा ‘स्टार वॉर्स’ पडद्यावर आला १९७७ साली. शेक्सपिअर वारला १६१६ साली. या दोघांची गाठ घालून दिली अमेरिकी लेखक इयन डोशर यांनी, २०१३च्या पुस्तकात. मूळ चित्रपटाचं हे पाच अंकी पद्यनाटक झालं.

छंद शेक्सपिअरचाच : ओळीत साधारण दहा अक्षरं, एक हलकं आणि एक आघाताचं अशा पाच जोड्या, यमकाची सक्ती नाही. आपल्या वृत्तांत लघु-गुरू मोजतात, तिथे आघात मोजतात, एवढाच फरक.

खरी गंमत पात्रांत आहे. आर-टू-डी-टू हा यंत्रमानव चित्रपटात नुसता बीप-बीप करतो. नाटकात तो इतरांसमोर तसाच बोलतो, तेही छंद सांभाळून! पण सगळ्यांची पाठ वळली, की प्रेक्षकांकडे तोंड करून अस्खलित इंग्रजीत स्वगत म्हणतो. बावळटाचं सोंग घेतलेला हा विदूषक मला तरी नायकापेक्षा जास्त आवडला. अंतराळयानांची लढाई रंगमंचावर कशी दाखवणार? तिचं वर्णन ‘कोरस’ करतो, म्हणजे जवळजवळ आपला सूत्रधारच.

पुढचा भाग २०१४मध्ये आला. त्यात योडा या गुरूची पंचाईत होती. त्याची वाक्यरचना आधीच उलटसुलट, आणि नाटकात तर शेक्सपिअरच्या थाटात सगळेच तसं बोलणार! मग डोशरनी त्याला चक्क हायकू दिले. भाडोत्री शिकारी बोबा फेटच्या वाट्याला मात्र साधं गद्य.