शब्दांच्या छटा – ७ : डौल आणि ऐट

मागच्या आठवड्यात ‘हट्ट’ आणि ‘आग्रह’ पाहिले. आजची जोडी चालीतल्या अभिमानाची आहे.

पोळ्याच्या मिरवणुकीत खिल्लार बैल डौलात चालतो आणि त्याचा कासरा धरून, नवा फेटा बांधून पुढे निघालेला पोरगा ऐटीत चालतो. बैलाच्या अंगावर झूल असते, शिंगं रंगवलेली असतात, पण डौल त्या साजाचा नाही. मागे जाऊन वर वळलेली लांब शिंगं, उंच वशिंड, पावलांची लय यांत तो आधीपासून आहे. दुसऱ्या दिवशी शेताच्या वाटेवर, बघायला चिटपाखरू नसतानाही तो तसाच दिसेल. पोराची ऐट मात्र फेट्यातून आली आहे आणि ती बघायला गाव जमलं आहे.

शब्दांची घडणही हेच सांगते. डौल म्हणजे मुळात घाट, ठेवण. म्हणून सुडौल आणि बेडौल. शिडाची होडी डौलाने जाते, भरलेलं कणीस डौलाने डुलतं, एखाद्याचं अक्षर डौलदार असतं. यातल्या कशालाच मन नाही, तरी डौल आहे. ऐटीला मन लागतं. अक्षर ऐटीत आहे असं आपण म्हणत नाही. कोंबडा ऐटीत चालतो असं मात्र सहज म्हणतो, कारण त्याच्या छाती काढून चालण्यात आपल्याला ‘बघा माझ्याकडे’ हा भाव दिसतो. बैलालाही ऐटीत चालवता येईल, पण मग तो गोष्टीतला, मनातल्या मनात बोलणारा बैल होईल.

प्रत्यय पाहा. डौलदार आणि ऐटबाज. फारसीतून आलेला ‘दार’ म्हणजे बाळगणारा: चवदार, वजनदार. ‘बाज’ म्हणजे खेळणारा, करणारा: दगाबाज, नखरेबाज. डौल जवळ असतो, ऐट करावी लागते. म्हणूनच ‘ऐट करू नकोस’ असं दटावता येतं. ‘डौल करू नकोस’ हे कानाला खटकतं. कुणाची ऐट उतरवता येते, डौल उतरवायला हातच पोहोचत नाही.

एक अपवाद सांगायला हवा. ‘मोठेपणाचा डौल मिरवतो’ असंही आपण म्हणतो आणि तिथे डौल चक्क दिखाऊ आहे. पण मूळ अर्थ तिथेही सुटलेला नाही: त्या माणसाने मोठेपणाचा नुसता आकार अंगावर घेतला आहे. शिवाय अशा वेळी ‘मोठेपणाचा’, ‘पोकळ’ असं काहीतरी जोडावं लागतं. एकटा ‘डौल’ कौतुकाचाच राहतो.

ऐटीला मात्र मी कमी लेखणार नाही. दिवाळीत नव्या कपड्यांत अंगणभर फिरणाऱ्या मुलीची ऐट किती निर्मळ असते! तिला फक्त बघणारे हवे असतात, कुणाला खाली पाहायला लावायचं नसतं. तसं लावायचं असेल तेव्हा मराठीत ‘तोरा’ आहे. अलीकडच्या अनुवादांत नायिका सरसकट ‘तोऱ्यात’ चालतात, तेव्हा वाईट वाटतं. मान वर करून दरबारात शिरणारी राणी तोऱ्यात शिरली की डौलात, यावर वाचकाचं तिच्याविषयीचं मत ठरतं. लेखकाने त्या जागी क्षणभर थांबायला हवं.

पुढच्या आठवड्यात ‘थाट’ आणि ‘रुबाब’.