ऑपरेशनआधी वय नव्हे, ताकद बघा

‘आईची सत्तरी उलटली, आता कशाला चिरफाड?’ घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कॅन्सर निघाला की जळोचीच्या वस्तीत काय, बारामतीच्या कुठल्याही आळीत काय, हा प्रश्न आधी निघतो. तो मायेपोटीच येतो. पण ऑपरेशन झेपेल की नाही, हे नुसतं वय ठरवत नाही. अंगातली ताकद ठरवते.

समजा, पंचाहत्तरीची एक आजी रोज चालत बाजारात जाते आणि पासष्टीची दुसरी भिंत धरून उठते. दुसरी वयाने लहान, तरी धोका तिलाच जास्त असू शकतो. या आटलेल्या ताकदीला डॉक्टर ‘फ्रेल्टी’ म्हणतात. अशा माणसाला ऑपरेशननंतर न्यूमोनिया होणं, जखम चिघळणं, भ्रमात बरळणं, अंथरूण धरणं, जिवावर बेतणं हे जास्त घडतं.

अमेरिकेतल्या डॉ. लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी २००१ साली याच्या पाच खुणा मांडल्या: वर्षभरात आपोआप चार-पाच किलो वजन घटणं, सततचा थकवा, मुठीचा जोर कमी होणं, चाल मंदावणं आणि हालचाल घटणं. तीन किंवा जास्त खुणा म्हणजे फ्रेल्टी. एक-दोन म्हणजे तिची सुरुवात. चाल घरीही बघता येते. चार मीटर मोजा, नेहमीच्या चालीने चालायला सांगा. पाच सेकंदांहून जास्त लागले तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात २०१८ पासून वयस्कर कॅन्सर रुग्णांसाठी वेगळी ओपीडी आहे. तिथे चाल, खाणंपिणं, स्मरणशक्ती, मनाची उदासी, चालू गोळ्या, घरी सांभाळणारं कोण, हे सगळं बघतात. तुमच्या डॉक्टरांनाही विचारा, ‘आईची फ्रेल्टी तपासली का? ताकद वाढवायला किती दिवस मिळतील?’

तेवढे दिवस वाया घालवू नका. मिश्री, तंबाखू, बिडी आजच बंद. दारू रोजची असेल तर डॉक्टरांना सांगूनच सोडवा. रोज थोडं चालवा, खुर्चीतून उठ-बस करवा, दीर्घ श्वास घ्यायला लावा. जेवणात अंडी, डाळ, मासे, दूध वाढवा. किडनीचा आजार असेल तर आधी विचारा. रक्त आणि साखर तपासून घ्या. सगळ्या गोळ्या पिशवीत घालून दाखवा. मात्र ताकद यावी म्हणून ऑपरेशनची तारीख आपल्या मनाने पुढे ढकलू नका. कधी डॉक्टर लहान ऑपरेशन किंवा दुसरा उपचार सुचवतील. त्याचा अर्थ त्यांनी हात टेकले असा नव्हे.

पैशांचं म्हणाल तर, ७० वर्षांवरील सर्वांसाठी केंद्राने २०२४ साली आयुष्मान कार्ड खुलं केलं. उत्पन्नाची अट नाही. वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार त्यात बसतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनाही आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला गाठा आणि तुमचं ऑपरेशन त्यात बसतं का, हे भरती होण्याआधी विचारा.

शेवटचं. डॉक्टरांशी बोलताना आजारी माणसालाच बाहेर बसवू नका. आजार तिचा, शरीर तिचं. स्वतःच्या पायाने चालणं, स्वतःच्या हाताने जेवणं, नातवंडांशी बोलणं, यातलं तिला आधी काय जपायचंय, ते तिलाच विचारा. मग सगळ्यांनी मिळून ठरवा.